‘मी’ की ‘आम्ही’?

(दृश्य: जुनी, हलणारी घरगुती चित्रफीत. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतणारा हात.)

ऑगस्ट २०२०. व्हॅटिकनचा एक छोटासा खुलासा प्रसिद्ध होतो. अमेरिकेत डेट्रॉइटमधला एक तरुण धर्मगुरू तो वाचतो आणि त्याला घरातली एक चित्रफीत आठवते. त्याच्याच बाप्तिस्म्याची, १९९० सालची. त्यात पाणी ओतणारा डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, म्हणतोय, “आम्ही तुला बाप्तिस्मा देतो.”

खुलासा नेमका याच शब्दाबद्दल होता. ‘आम्ही’ म्हटलं, तर बाप्तिस्मा झालाच नाही. ‘मी’ म्हणायला हवं.

आता पुढचं बघा. बाप्तिस्म्याशिवाय पुढचा कुठलाच संस्कार लागू होत नाही. तो नाही, म्हणजे दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार, नाही आणि धर्मगुरू करणारी गुरुदीक्षाही नाही. २०१७ पासून लोक ज्याला फादर म्हणत होते, तो चर्चच्या नियमाने धर्मगुरू नव्हताच. त्याने अर्पण केलेल्या मिस्सा, म्हणजे वेदीवरची भाकर-द्राक्षारसाची उपासना, ऐकलेली पापनिवेदनं, सगळ्यांवरच प्रश्नचिन्ह लागलं. त्या महिन्याभरातच त्याला बाप्तिस्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

पण एक गोष्ट शाबूत राहिली. त्याने स्वतः योग्य शब्दांत दिलेले बाप्तिस्मे.

(दृश्य: पाण्याचा कुंड. पेटणारी मेणबत्ती.)

कारण बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. एरवी तो बिशप, धर्मगुरू किंवा डीकनच देतात. पण बाळ दगावेल अशी वेळ आली, तर दाई देऊ शकते, परिचारिका देऊ शकते. ती ख्रिस्ती असायला हवी असंही नाही. खरं पाणी, ठरलेले शब्द आणि चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याची इच्छा, एवढं पुरतं.

मग एका सर्वनामावर एवढा काथ्याकूट कशाला? चर्चची भूमिका अशी, की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच; समोरचा माणूस फक्त त्याच्या वतीने बोलतो. तिथे आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, जमलेली मंडळी यांचा मिळून ‘आम्ही’ करता येत नाही. गंमत म्हणजे बायझंटाइन विधीच्या, म्हणजे पूर्वेकडची परंपरा पाळणाऱ्या कॅथलिकांमध्ये ‘मी’सुद्धा नसतो. तिथे म्हणतात, “देवाच्या या सेवकाला बाप्तिस्मा दिला जात आहे.” तेही चालतं.

(दृश्य: चांदीच्या तीन कुप्या. त्यांत तेल.)

कॅथलिक चर्चमध्ये संस्कार सात. सातच का, यावर बराच काळ एकमत नव्हतं. बाराव्या शतकात हा आकडा रूढ झाला आणि १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण प्रत्येक संस्कारापाशी एक प्रश्न विचारून पाहा: हा देतो कोण?

दृढीकरणात बहुतेक वेळा बिशप. तो कपाळावर क्रिस्म लावतो. क्रिस्म म्हणजे बाल्सम मिसळलेलं सुगंधी तेल. पूर्वी बिशप गालावर हलकी चापटही मारत असे. १९७१ च्या विधीत ती गेली. पौर्वात्य कॅथलिक परंपरेत मात्र धर्मगुरूच बाप्तिस्म्याबरोबर तान्ह्या बाळालाही क्रिस्म लावतो.

पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर पहिल्यांदा घेणं, सात-आठ वर्षांच्या मुलांचं, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. ते फार जुनं नाही. अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांचं, कधी त्याहून मोठं होईपर्यंत थांबावं लागे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं, साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक कळू लागला की पुरे, साधारण सातव्या वर्षी. पांढऱ्या कपड्यांतली ती रांग इतकी लहान दिसते, ती त्यामुळे. त्याआधी पापनिवेदन. मुलाने जे सांगितलं, ते धर्मगुरू कोणत्याही कारणाने बाहेर सांगू शकत नाही, कोर्टातही नाही.

(दृश्य: वेदीसमोर उभं जोडपं. हातात हात.)

आणि लग्न. फादरांनी लग्न लावलं, असं आपण सहज म्हणतो. पण लॅटिन, म्हणजे पाश्चात्य कॅथलिक परंपरेच्या शिकवणीप्रमाणे तो लग्न लावतच नाही. वधू वराला संस्कार देते, वर वधूला. दोघांनी दिलेली संमती हाच संस्कार. धर्मगुरू चर्चच्या वतीने ती विचारतो आणि ऐकतो. म्हणूनच मध्ययुगात दोघांनी एकांतात शब्द दिला, तरी ते लग्न ठरत असे. मग एकाने हात झटकले की दुसऱ्याकडे पुरावा काय? हे घोळ इतके वाढले, की १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने नियम केला: धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार हवेतच. पौर्वात्य कॅथलिकांकडे मात्र धर्मगुरूच्या आशीर्वादाशिवाय विवाह होत नाही.

(दृश्य: फरशीवर पालथा पडलेला तरुण. आवाज बंद.)

गुरुदीक्षेत बिशप दोन्ही हात उमेदवाराच्या डोक्यावर ठेवतो. त्या क्षणी कोणी काहीच बोलत नाही. दीक्षेची प्रार्थना त्यानंतर येते. एका सर्वनामावर अडणाऱ्या चर्चची ही शांतता मला फार बोलकी वाटते.

मग आजारपण. रुग्णाच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. पूर्वी याला अंत्याभ्यंग म्हणत. नावच असं, की धर्मगुरू दारात दिसला की घरच्यांचा धीर सुटे. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला. आता गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्यातही तो घेता येतो, पुन्हा पुन्हा घेता येतो. मरणाऱ्याचा अखेरचा संस्कार खरं तर वेगळाच आहे: शेवटचं कम्युनियन. त्याचं लॅटिन नाव व्हियाटिकम, म्हणजे वाटेची शिदोरी.

(दृश्य: शवपेटी. तिच्यावर अंथरलं जाणारं पांढरं वस्त्र.)

अंत्यविधी मात्र सात संस्कारांत नाही. संस्कार जिवंत माणसालाच देता येतो. इथे घेणारा उरलेला नाही. उरते ती प्रार्थना. आणि ती ‘आम्ही’ करतो. अख्खा समुदाय, एका आवाजात.

शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात. उशाशी ईस्टरची उंच मेणबत्ती ठेवतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाची छोटी मेणबत्ती याच मेणबत्तीवरून पेटवली जाते.

(दृश्य: मेणबत्तीची ज्योत. मागून समुदायाचा आवाज.)