निरोप पोचवणारा

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ च्या पावसाळ्यात राज्य सरकारनं एक जाहिरात काढली होती, तुम्हाला आठवत असेल. मुख्यमंत्री योजनादूत. एकूण ५०,००० तरुण-तरुणी घ्यायचे. खेड्यात ग्रामपंचायतीमागे एक, शहरात ५,००० लोकवस्तीमागे एक. मुदत सहा महिने, मानधन महिन्याला १०,००० रुपये. काम काय, तर सरकारच्या योजना लोकांना समजावून सांगायच्या.

जाहिरात वाचली आणि मला आमच्याकडचे कार्यकर्ते आठवले. हेच काम ही मंडळी वर्षानुवर्षं घरचं खाऊन करत आलेली आहेत. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, आणि रात्री उशिरा घरी गेल्यावर बायकोची बोलणीही स्वतःचीच. मानधन तर सोडाच, सभा संपली की सतरंज्या कोणी गोळा केल्या हे व्यासपीठावरच्या पाहुण्यांना ठाऊकही नसतं.

आज या माणसाबद्दल बोलायचं आहे. तो कोणत्या पक्षाचा हे मी सांगणार नाही. रेडिओच्या माईकवर ती पद्धत नाही, आणि तसं पाहिलं तर फरकही पडत नाही. सत्तेतल्या पक्षाचा कार्यकर्ता 'हे आमच्या सरकारनं केलं' म्हणतो, विरोधातला 'आमच्या काळात सुरू झालं होतं' म्हणतो. दोघंही एकाच हॉटेलात चहा पितात आणि एकाच तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात.

त्याचं मुख्य हत्यार म्हणजे मतदार यादी. आपल्या राज्यात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदान केंद्रं एक लाखाच्या वर. एवढा पसारा शेवटी एका कागदावर येऊन थांबतो. यादीच्या एका पानावर तीसेक नावं असतात. ते पान ज्याच्या हातात, तो पन्नाप्रमुख. पानावरचा कोण मुंबईला हमालीला गेलाय, कोणाची लेक लग्न होऊन सासरी गेली तरी नाव अजून माहेरच्या यादीत आहे, कोण वारलं आणि नाव तसंच राहिलं, हे त्याला तोंडपाठ असतं. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळायचं तर ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायचा तर ८, हे आकडे त्याला पाढ्यासारखे येतात. मतदानाच्या दिवशी कायद्यानं १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही, म्हणून तो त्या रेषेबाहेर टेबल टाकून यादीतले अनुक्रमांक शोधून देत बसतो. त्याचा जोडीदार आत पोलिंग एजंट म्हणून बसलेला असतो. मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर निदान ५० मतांचं चाचणी मतदान घेतात, ते पाहायला हा पहाटे अंधारात हजर. संध्याकाळी किती मतं पडली याचा १७-क नमुना सही करून हातात मिळेपर्यंत तो जागचा हलत नाही. निवडणूक यंत्रणेवरचा आपला विश्वास अशा उपाशीपोटी बसलेल्या माणसांवरही बराच टेकलेला आहे. वर्तमानपत्रात मात्र त्यांचा फोटो कधी येत नाही.

हा झाला निवडणुकीचा काळ. पण मला जास्त बोलायचंय ते मधल्या काळाबद्दल. सरकारनं काहीतरी केलंय आणि ते लोकांपर्यंत न्यायचंय, त्या काळाबद्दल.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घेऊ. जून २०२४ च्या अखेरीस घोषणा झाली. महिन्याला १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. सुरुवातीला वयाची अट २१ ते ६० होती, ती काही दिवसांतच ६५ पर्यंत गेली. पाच एकरांची अट होती, ती निघाली. अधिवास दाखल्यासाठी बायकांच्या रांगा लागल्या होत्या, तेवढ्यात १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल असं ठरलं. अर्जाची मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टवर गेली. म्हणजे सोमवारी खरी असलेली माहिती शुक्रवारी खोटी ठरत होती. ज्या कार्यकर्त्यानं जुनाच शासन निर्णय मोबाइलवर फिरवला, त्यानं आयाबायांना सेतू केंद्रात उन्हातान्हात फुकट उभं केलं. ज्यानं रोज सकाळी नवीन निर्णय वाचला, त्यानं त्यांची एक दिवसाची मजुरी वाचवली. दोघंही म्हणणार, आम्ही योजना घरोघरी पोचवली. बायकांना मात्र फरक बरोबर कळला.

ऑगस्टच्या मध्याला दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये जमा होऊ लागले. दोन कोटींहून अधिक बायकांपर्यंत ही योजना पुढे पोचली, ही गोष्ट छोटी नाही. आणि तिथूनच कार्यकर्त्याची खरी परीक्षा सुरू झाली, कारण प्रत्येक गल्लीत कोणीतरी अशी होतीच, जिचे पैसे आले नव्हते.

आमच्या शेजारच्या गावात मारुतीच्या देवळापुढं पार आहे. तिथं एक पोरगा संध्याकाळी मोबाइल घेऊन बसायचा. पक्षाचा तालुक्याचा कुठलासा पदाधिकारी. एक मावशी आल्या, पासबुक पदराच्या टोकात गुंडाळलेलं. "सगळ्या गल्लीचं आलं, माझंच का नाही रं?" त्यानं पासबुक पाहिलं, काही बोलला नाही. आधार क्रमांक मावशींनाच टाकायला लावला, त्यांच्याच फोनवर आलेला ओटीपी त्यांच्याच हातानं भरायला सांगितला आणि आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते पाहिलं. बँक निघाली भलतीच. "मावशी, बचत गटाच्या वेळी कुठं खातं काढलं होतं का?" मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "काढलं हुतं बाबा, त्याला लई वर्सं झाली. बुक कुठंय कुणास ठाऊक." पैसे त्या विसरलेल्या खात्यात येऊन पडले होते. थेट लाभाची रक्कम अर्जावर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं तिथं जाते. एवढीशी बाब. पण ही बाब ना फ्लेक्सवर होती, ना पत्रकात. सोमवारी तो मावशींना मोटारसायकलवर बसवून त्या बँकेत घेऊन गेला.

त्या पोरानं पारावर बसून सरकारचं एका शब्दानं कौतुक केलं नाही, आणि सरकारचं काम त्या गावात सगळ्यात जास्त पोचवलं ते त्यानंच. अंगणवाडी सेविकांचंही तसंच. त्यांना प्रत्येक पात्र अर्जामागे ५० रुपये देण्याचं ठरलं होतं, पण ज्यांनी रात्री दहा-दहा वाजेपर्यंत लोकांच्या ओसरीवर बसून अर्ज भरले, त्या काही पन्नास रुपयांचा हिशेब करत नव्हत्या.

आता थोडं मागे जातो, कारण रेडिओचाच यात एक मोठा अध्याय आहे आणि तो आपल्या मुलखात घडलेला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साह्यानं एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले आणि दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं काढली. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रेडिओभोवती जमायची. शेतीचा, आरोग्याचा, गावकारभाराचा कार्यक्रम ऐकायची. इथवर नवल काही नाही, रेडिओ ऐकायला माणसं जमायचीच. पण कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी त्यावर चर्चा करायची, आणि चर्चेत निघालेल्या शंका, तक्रारी लिहून पुण्याला पाठवायची. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. या प्रयोगाचा रीतसर अभ्यास झाला. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली, मंडळं नसलेल्या गावांत तेवढी नाही, असं त्यातून दिसलं. पुढे हीच पद्धत देशभर नेली गेली.

त्या काळात सरकारला प्रचार करायचा नव्हता, असं नाही. पंचवार्षिक योजना, विकासगट, सुधारलेलं बियाणं, सगळं सांगायचं होतंच. पण खालून वर जाणारी पोस्टाची पेटी आधी लावली आणि मग बोलायला सुरुवात केली. आजच्या व्हॉट्सअॅप गटांत नेमकी ती पेटीच गायब आहे. तालुक्याच्या गटावर रोज सकाळी चकचकीत चित्रं येतात, अमुक कोटी, तमुक किलोमीटर, आणि बहुतेक गटांत 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात' अशी सोय करून ठेवलेली असते. म्हणजे ऐका आणि अंगठा दाखवा. कार्यकर्ता खालचं गाऱ्हाणं वर कळवतो तेव्हा 'नकारात्मक बोलू नका' असं त्यालाच सुनावलं जातं. मग तो शहाणा होतो आणि गप्प बसतो. वर बसलेल्यांना वाटतं, सगळं आलबेल आहे.

रोजगार हमीचंच पाहा. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर तिची कसोटी लागली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढे २००५ साली देशानं हे तत्त्व उचललं. महाराष्ट्रानं छाती फुगवून सांगावं असं हे काम. पण यातली गोम अशी, की हक्क मिळायचा तो मागणाऱ्याला. कामाची मागणी लेखी द्यायची, तारखेची पावती घ्यायची, १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागायचा. पावतीच नसेल तर मागणी केल्याला पुरावाच नाही. किती गावांत हे कोणी सांगितलं? 'आमच्या सरकारनं रोजगार दिला' असं सांगणारे भरपूर भेटले. 'पावती घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका' असं सांगणारे थोडे. आणि असं सांगणाऱ्याला ग्रामसेवकाची नाराजी पत्करावी लागे, प्रसंगी स्वतःच्याच पक्षाच्या सरपंचाचीही.

एक प्रश्न पैशाचाही आहे, तो टाळून चालणार नाही. पक्षानं स्वतःच्या खर्चानं आपली कामं सांगावीत, तो त्याचा अधिकारच आहे. सरकारी तिजोरीतून सांगायचं तर ती माहिती असली पाहिजे, गौरवगान नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींवर राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचेच फोटो चालतील असं म्हटलं होतं. वर्ष सरायच्या आत, मार्च २०१६ मध्ये, मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्रीही त्या यादीत आले. २०२३ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या योजना गावोगाव सांगणाऱ्या 'विकसित भारत संकल्प यात्रे'साठी वरिष्ठ अधिकाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत 'रथप्रभारी' नेमायचं ठरलं, तेव्हा गदारोळ झाला आणि निवडणूक असलेल्या राज्यांत ही यात्रा नेऊ नका असं निवडणूक आयोगाला सांगावं लागलं. २ मे २०२४ रोजी आयोगानं सगळ्याच पक्षांना ताकीद दिली, की सर्वेक्षणाच्या नावाखाली भावी योजनांसाठी मतदारांची नावनोंदणी करून घेऊ नका. कार्यकर्त्यानं ही ओळ ध्यानात ठेवावी. कोणी कार्ड घेऊन दारात आला आणि आधारची झेरॉक्स मागू लागला, तर तो कोणाच्याही पक्षाचा असो, देऊ नका.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्याच्या आगेमागे एकेक करत राज्यातल्या बऱ्याच महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी नगरपालिकांच्या मतदानाला डिसेंबर उजाडला आणि महापालिकांच्या मतदानाला जानेवारी २०२६. तीन-चार वर्षं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, वॉर्डात नगरसेवक नाही, गणात पंचायत समितीचा सदस्य नाही. गटार तुंबलं, दिवा गेला, पाणी आलं नाही, जायचं कोणाकडं? माजी नगरसेवकाकडं आणि कार्यकर्त्याकडं. त्याच्या हातात ना सही, ना शिक्का, ना निधी. तरी ती पोरं अर्ज लिहून देत राहिली, साहेबांच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसत राहिली. तिकिटाच्या आशेनं बसली असतील, नाही कशाला म्हणू? आशा असल्याशिवाय एवढी वर्षं कोण कळ काढतो? पण त्यातल्या फार थोड्यांना तिकीट मिळालं, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या प्रचाराची सतरंजी पुन्हा त्यांनाच घालावी लागली. पक्षांनी याचा विचार करावा असं मला फार वाटतं. करतील असं वाटत नाही, तो भाग वेगळा.

तर मंडळी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना आपल्याकडे ग्रामसभा होते. बरेचदा कोरम नाही म्हणून ती तहकूब होते, किंवा रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात. पुढची ग्रामसभा असेल तेव्हा जा. तुमच्या वाडीवस्तीवर ज्या कार्यकर्त्यानं सरकारच्या कामाचं पत्रक दिलं असेल, त्यालाही सोबत घेऊन जा. घरकुलाची मंजूर यादी आणि प्रतीक्षा यादी, दोन्ही वाचून दाखवायला सांगा. कोणाचा हप्ता कुठं अडकलाय ते तिथंच विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पत्रक देणारा तेव्हा तुमच्या बाजूनं उठून उभा राहिला, तर त्याला पुढच्या वेळी चहा तुम्ही पाजा.

नमस्कार.