रविवारची रान, मंगळवारचा कुस्करा

(दृश्य : रामबाग, इंदूर. वैशाखातली रविवारची रात्र, साडेदहा. ओट्यावर परात. परातीत भाजलेली रान. एका बाजूनं हाड उघडं पडलंय, दुसरी बाजू जवळजवळ शाबूत.)

निवेदन :

पुण्याचे पाहुणे पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा आत्या त्यांना म्हणाल्या होत्या, "आज रान भाजलीय." पाहुण्यांना काही उलगडेना. रान पेटतं, रान तुडवतात. पण ते भाजून ताटात कसं येणार? इंदूरच्या मराठीत हिंदीतली बरीच मंडळी न विचारता राहायला आली आहेत, त्यातलीच ही एक. रान म्हणजे बकऱ्याची मागची अख्खी मांडी. दही, आलं-लसूण, थोडी कच्ची पपई, लवंग-दालचिनी चोळून रात्रभर मुरवलेली आणि मग मंद आचेवर तीन तास भाजलेली.

आजची रान दोन किलोची. नऊ जण येणार होते, आले पाच. अर्धा किलोच्या आसपास मांस हाडाला तसंच आहे.

आणि उद्या सोमवार.

या घरात सोमवार महादेवाचा. मांस शिजत नाही, गरमसुद्धा होत नाही. गंमत म्हणजे इंग्रजांच्या घरातही रोस्ट व्हायचा तो रविवारीच. सोमवार तिकडे कपडे धुण्याचा दिवस, चुलीपाशी उभं राहायला कोणाला सवड नसायची. म्हणून सोमवारी थंड मांसाचे काप आणि लोणचं. त्यातूनही उरलंच, तर त्याचा खिमा करून वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर द्यायचा. मेंढीच्या मांसाच्या या पदार्थाला ते शेफर्ड्स पाय म्हणतात. त्यांचा सोमवार थंड मांसाचा, आमचा साबुदाण्याचा.

(दृश्य : आत्यांचे हात. मांस हाडापासून सुटतंय. मागे पंख्याचा आवाज.)

"हे झोपायच्या आधी करायचं," आत्या सांगतात. "सकाळी बघू म्हटलं की संपलं."

कोमट आहे तोवर चरबी मऊ असते, मांस बोटांनीच हाडावरून सुटतं. गार झालं की चरबी थिजते आणि मग सुरीशी झटापट. पण आज फक्त सोडवायचं. बारीक तुकडे मंगळवारी, मांस थंडगार असताना. तेव्हा सुरी मांसाच्या धाग्यांना आडवी स्वच्छ चालते, भुगा होत नाही.

आणखी एक गोष्ट बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आत्यांनी रान पंक्तीत फिरवलीच नव्हती. लागतील तेवढे काप आधी ओट्यावरच काढले आणि तेच वाढले. परातीत कोणाच्या ताटातला चमचा पडलेला नाही. या घरात शिळं चालतं, उष्टं नाही. शिळ्याचं तर माळव्यात वावडं असायचं काही कारणच नाही. होळीनंतरच्या शीतला सप्तमीला इथल्या कितीतरी घरांत चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं गार जेवण देवीला दाखवून तेच खातात.

(दृश्य : स्टीलचा पसरट डबा. मांस एका थरात पसरलंय.)

गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये, हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. म्हणून अख्खी रान झाकून ओट्यावर ठेवतात आणि दिवा मालवतात. घोटाळा इथेच होतो. एवढा मोठा गोळा बाहेरून गार लागतो, पण हाडाजवळ तासन्‌तास कोमट राहतो. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या सोयीचा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू तर भाजण्यातूनही वाचतात आणि मांस सावकाश निवत असताना आत भराभर वाढतात. म्हणून शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं; हवा बत्तीस अंशांच्या वर असेल, तर एका तासात. वैशाखातल्या इंदूरला हा एक तासच लागू. या स्वयंपाकघरातला पारा आत्ताही तेहेतिसावर आहे.

उपाय साधा आहे. पातळ थर, पसरट डबा, दहा मिनिटं पंख्याखाली आणि मग फ्रिजमध्ये. फ्रिज चार अंशांवर असेल, तर तीन-चार दिवस काळजी नाही.

फ्रिज नव्हता तेव्हा आजी काय करायची? सकाळ-संध्याकाळ रश्शाला खळखळून उकळी आणायची. त्यात जंतू मरतात हे खरं. पण काही जंतू मांसात जे विष सोडून जातात, ते उकळूनही जात नाही. आजीच्या काळात पोटदुखीला नजर लागली म्हणत, त्यातल्या काही नजरा पातेल्यातून आलेल्या असणार.

(दृश्य : मंगळवार सकाळ. फ्रिजचं दार. डब्याचं झाकण निघतं.)

झाकण काढल्यावर येतो तो वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मांस नासलेलं नसतं, पण कालचं असतं. शिजवताना मांसातलं लोह मोकळं होतं आणि हवेच्या साथीनं चरबीशी खेळ सुरू करतं. चरबीचं ऑक्सिडीकरण होतं, आणि नाकाला पुठ्ठ्यासारखा ओशट वास येतो. नुसतं मीठ-मिरी लावून भाजलेल्या मांसाला तो जास्त येतो. लवंग, दालचिनी, आलं यांतले घटक त्याला अडवतात. आपल्या मसाल्यांचं हे काम चवीच्या पलीकडचं आहे. आत्यांना त्यातलं रसायन ठाऊक नाही. डब्यात मांसावर परातीतला मसाल्याचा रस ओतून ठेवायचा, म्हणजे हवा लागत नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे.

आत्यांचं सासर महूचं. इंदुरापासून पंचवीसेक किलोमीटरवरची छावणी. १८१८ साली मंदसौरचा तह झाला, होळकरांची कंपनी सरकारशी लढाई संपली आणि त्याच वर्षी ही छावणी वसली. मराठी माणसाला महू आठवतं ते १४ एप्रिल १८९१मुळे, बाबासाहेबांच्या जन्मामुळे. पण छावणी म्हटली की साहेब आले, साहेबांबरोबर रोस्ट आला आणि उरलेल्या रोस्टचं काय करायचं हा प्रश्न खानसाम्याच्या गळ्यात आला. हिंदुस्थानातल्या खानसाम्यांनी त्याचं उत्तर काढलं ते जालफ्रेझी. बंगालीत झाल म्हणजे तिखट. थंड मांसाचे तुकडे, भरपूर कांदा, हिरवी मिरची, कढई एकदम तापलेली. आज हॉटेलात जालफ्रेझी ताज्या चिकनची मिळते, आणि खरं सांगायचं तर त्यात जालफ्रेझीचं निम्मं कारणच उरत नाही.

आत्या महूला शिकल्या ते हेच. "आधी मसाला पुरता शिजवायचा. मांस सगळ्यात शेवटी."

आपल्याकडे सवय उलटी. मटण म्हटलं की आधी परतायचं, भाजायचं, तेल सुटेपर्यंत हलवायचं. कच्च्या मटणाला ते ठीक. रान एकदा तीन तास भाजून झाली आहे. तिचे धागे आधीच आखडलेत, रस बराचसा निघून गेलाय. तिला पुन्हा वीस मिनिटं परतलं, तर दोरखंड हातात येतो. आतपर्यंत वाफ धरेल एवढीच गरम करायची. थर्मामीटरवाल्यांचा आकडा ७४ अंश. बारीक तुकडे असले, की तीन-चार मिनिटांत तिथे पोचतात.

(दृश्य : लोखंडी कढई. मोहरी तडतडते. आवाज पूर्ण ऐकू द्यावा, निवेदन नको. दहा सेकंद.)

कुस्करा. म्हणजे फोडणीची पोळी, सोमवारच्या उरलेल्या पोळ्यांची. पोळ्या हातानं कुस्करायच्या. मिक्सरमध्ये पीठ होतं. मोहरी, हिंग, हळद, दोन कांदे उभे चिरून, चार हिरव्या मिरच्या. कांदा कडेनं तांबूस व्हायला लागला, की डब्यातला थिजलेला रस चमचाभर. तो बघण्यासारखा असतो: थंडीत वडीसारखा धरलेला, कढईत पडताच पाणी. भाजताना स्नायूंमधल्या चिवट पडद्यांचं जिलेटिन झालेलं असतं, ते हे. कोरड्या पोळीला ओलावा यातूनच मिळतो, पाण्याचा हबका मारायची गरज नाही. मग पोळी, तिला झाकण ठेवून एक वाफ. आणि आता मांस, हरभऱ्याएवढं चिरलेलं. आच मोठी, उलथनं दोनदा, पुन्हा झाकण, तीन-चार मिनिटं, आतून वाफ येईपर्यंत.

मीठ? चाखल्याशिवाय नाही. रानीत ते आधीच आहे.

वरून जिरावण. सकाळच्या पोह्यांवर पडतं तेच, आमचूर, काळं मीठ, बडीशेप, जिऱ्याचं. महूच्या खानसाम्याकडे हे नव्हतं. असायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : कुकरची शिट्टी.)

हाड कुकरमध्ये, मिरी आणि तमालपत्राबरोबर, मंद आचेवर पाऊण तास. आत्या या पाण्याला आळणीच म्हणतात, मीठ भरपूर असलं तरी. दुपारी याच पाण्यात तांदूळ शिजेल. हाताला न लागलेला बारीक चुरा रात्री कटलेटमध्ये: उकडलेला बटाटा, पुदिना, आणि ब्रेडच्या चुऱ्याऐवजी भिजवून पिळलेले पोहे. इंदूरच्या घरात ब्रेड संपतो, पोहे संपत नाहीत.

(दृश्य : बुधवार सकाळ. गल्लीत कचऱ्याची गाडी, तिचं गाणं. आत्या फाटकाशी, हातात दोन डबे.)

पांढरंशुभ्र झालेलं हाड ओल्या कचऱ्यात. हा ओला कचरा देवगुराडियाला जातो. २०२२पासून तिथे मोठा प्रकल्प आहे, सुरू झाला तेव्हा रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून वायू काढण्याच्या क्षमतेचा. त्या वायूवर शहरातल्या बस चालतात, हे मी आत्यांना सांगितलं.

आत्यांनी डबा झटकला. "म्हणजे आपली रान अजून संपलीच नाही म्हणायची."