कुंकू पुसलं, गोंदण उरलं

मघाशी प्रास्ताविकात शोककवितेला 'आसवांची कविता' म्हटलं गेलं, आणि मी तिथेच अडलो. कारण आज मी बहिणाबाई चौधरींची जी कविता घेऊन आलोय, तिच्यात आसवं सुरुवातीलाच संपतात.

ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेवांना सूर्यच मावळल्यासारखं झालं. बहिणाबाई चौधरींचं दुःख मात्र कपाळाएवढ्या जागेत मावतं. १९१० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांना वैधव्य आलं. पदरात एक मुलगी, दोन मुलगे. लिहिता-वाचता येत नव्हतं.

'आसू सरले सरले, आता हुंदके उरले.' घरी गेल्यावर मोठ्यानं म्हणून बघा. ओवीच्या चरणाची आठ अक्षरं भरायला शब्द दोनदा आला, असं छंदवाले सांगतील. खरंच आहे. पण रडून दमलेलं माणूसही असंच बोलतं की! शब्द अर्धा निघतो, श्वास अडतो, मग तोच शब्द पुन्हा.

पुढे बहिणाबाई चक्क हिशोबाला बसतात. कुंकू पुसलं, गोंदण उरलं. बांगड्या फुटल्या, मनगटातली करतूत उरली. मंगळसूत्र तुटलं, गळ्याची शपथ उरली. बाजार करून आलेली बाई पदराची गाठ सोडून उरलेली चिल्लर मोजते ना, तसं.

गोंदणाची ओळ मला वर्गात कधी अलंकार म्हणून शिकवता आली नाही. आमच्या आजीच्या कपाळावर हिरवा ठिपका होता. आम्हा नातवंडांना तो आजोबा गेले त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. इतकी वर्षं वर कुंकू असायचं. बायकांनी कुंकू पुसलं. सुईनं टोचलेलं कोण पुसणार?

एका ठिकाणी मात्र हा हिशोब जुळत नाही. 'झाड गेलं निघीसनी, मागे सावली उरली.' झाड गेलं की सावलीही जाते, हे शेतात राबणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. म्हणूनच त्या धरतीमातेला विचारतात, ही जादू झाली कशी? या प्रश्नाला कवितेत उत्तर नाही.

शेवटी त्या भेटायला आलेल्या बायकांकडे वळतात. 'नका नका आयाबाया, नका करू माझी कीव.' आणि मग, 'आता माझा माले जीव.' हे 'माले', म्हणजे 'मला', नीट ऐका. माझं आता माझ्याशिवाय कुणी नाही, असा त्याचा अर्थ लागतो. माझं मी बघेन, तुम्ही आपापल्या घरी जा, असाही लागतो. मी तीस वर्षं ही ओळ शिकवली. कधी पहिल्या अर्थानं, कधी दुसऱ्या.