बॉनेटखालची मोकळी जागा

ताशी 40 किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीची धडक बसते, तेव्हा बंपर आधी पादचाऱ्याच्या गुडघ्याच्या आसपास लागतो, मग मांडी आणि कंबर बॉनेटच्या पुढच्या कडेवर येतात आणि सर्वांत शेवटी डोके बॉनेटवर किंवा समोरच्या काचेवर आदळते. या सगळ्याला सेकंदाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा लागतो.

बॉनेटचा पत्रा पातळ असतो आणि दबतोही. खरा धोका असतो तो त्याच्या खाली असलेल्या इंजिनाचा, बॅटरीचा आणि सस्पेन्शनच्या टणक बैठकींचा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार होणाऱ्या चाचणीत प्रौढाच्या डोक्यासाठी साडेचार किलोचा आणि मुलाच्या डोक्यासाठी साडेतीन किलोचा गोळा ताशी 35 किलोमीटर वेगाने बॉनेटवर सोडतात. डोक्याच्या दुखापतीचा निर्देशांक चाचणी होणाऱ्या पृष्ठभागाच्या किमान दोन-तृतीयांश भागात 1000 च्या आत राहावा लागतो, उरलेल्या भागाला मात्र 1700 पर्यंत मुभा आहे. बिजागऱ्या आणि कडा मऊ करणे किती अवघड आहे, याची ही कबुलीच म्हणायची.

पत्रा दबून मार सौम्य व्हायचा, तर तो आणि हे टणक भाग यांच्यात मोकळी जागा हवी. बॉनेट मुळात उंच ठेवले तर ही जागा आपोआप मिळते, पण गाडीचा आकार आणि चालकाला दिसणारा रस्ता आड येतो. म्हणून काही गाड्यांत धडक जाणवताच स्फोटक भार उडून बॉनेटची मागची बाजू काही सेंटिमीटर वर उचलली जाते. 2012 साली आलेल्या व्होल्वो व्ही40 मध्ये तर बॉनेट उचलून त्याखालून एअरबॅगही फुगत असे आणि ती काचेचा खालचा भाग व बाजूचे खांब झाकत असे. मात्र ही यंत्रणा ताशी 20 ते 50 किलोमीटर या पट्ट्यातच काम करी.

बॉनेट उचलणे हे त्यातले सोपे काम आहे. कठीण आहे तो निर्णय. बंपरमधल्या सेन्सरला लागलेली वस्तू माणसाचा पाय आहे, की रस्त्यावरचा प्लॅस्टिकचा शंकू, हे काही मिलिसेकंदांत ठरवावे लागते. सेन्सर फार हळवा ठेवला, तर यंत्रणा विनाकारण उडते आणि एकदाच वापरता येणारे भाग बदलण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. फार निबर ठेवला, तर हलक्या वजनाचे मूल नेमके निसटू शकते.

काचेच्या बाजूच्या खांबांचा पेच याहून जुना आहे. गाडी उलटल्यावर छप्पर तोलून धरायचे म्हणून ते भक्कम हवेत, पण त्यांच्यावर डोके आपटणे फार घातक ठरते, आणि ते जाड केले की वळणावर त्यांच्याआड चालणारा माणूसच झाकला जातो.

आपोआप लागणारे ब्रेक वेगच कमी करतात, आणि वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून माझ्या मते पहिला मान त्यांचाच. तरी अंधार, पाऊस आणि उभ्या गाड्यांमधून अचानक पुढे येणारा माणूस यांपुढे कॅमेरा व रडार कमी पडू शकतात.

समोरची बाजू उंच आणि उभट असलेल्या गाड्यांत तर बॉनेट उचलण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे लहान मुलाच्या थेट छातीला किंवा डोक्यालाच मार बसतो आणि ते बॉनेटवर न येता पुढे रस्त्यावर फेकले जाते.