ह्वेल्दीची आठवण

नमस्कार मंडळी.

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना ॲरिझोनातली कॅन्यन डी शे ही दरी दाखवायला नेतो. तिथले लाल कातळकडे बघून सगळे हरखून जातात. त्या दरीच्या तळाशी पीचच्या बागा होत्या. १८६४ साली अमेरिकी सैन्यातल्या किट कार्सनच्या सैनिकांनी त्यातल्या हजारो झाडांवर कुऱ्हाड चालवली. उभी पिकं जाळली, मेंढ्या मारल्या. तिथले मूळ रहिवासी नवाहो उपाशी पडले की शरण येतील, असा कार्सनचा वरिष्ठ जनरल कार्लटन याचा हिशोब होता. ते आले. मग त्यांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठी, फोर्ट समनरच्या छावणीत नेलं. आठ हजारांहून जास्त माणसं. मेस्कलेरो अपाची ही दुसरी जमात तिथे आधीच डांबलेली होती. दोघांचं जुनं वैर. तरी एकाच जागेत कोंबले.

नदीचं पाणी खारट. मक्याला कीड लागली. लाकडं संपली, तेव्हा बायका मैलोन् मैल जाऊन मेस्किट या काटेरी झुडपाची मुळं खणून पाठीवर आणत. शिध्यात मैदा आणि कॉफीच्या बिया मिळत. या बियांचं करायचं काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. काहींनी त्या घेवड्यासारख्या उकडत ठेवल्या. जत्रेत आपण हौसेने खातो तो फ्रायब्रेड, म्हणजे मैद्याची तळलेली रोटी, त्याच शिध्यातून आला, असं नवाहो सांगतात. हे कळल्यापासून तो घास माझ्या तोंडात रेंगाळतो.

१८६५च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री मेस्कलेरो जवळजवळ सगळेच्या सगळे निसटले. नवाहोंना १ जून १८६८च्या तहाची वाट पाहावी लागली. नवाहोंचा नेता बारबोंसितो याने तहाची बोलणी करणाऱ्या अमेरिकी जनरल शेर्मनपुढे एकच हट्ट धरला होता: आम्हाला आमच्या मुलखात जाऊ द्या. तोवर दोन हजारांहून अधिक माणसं मेली होती, असं मानतात.

फोर्ट समनरच्या त्या जागेला नवाहो ह्वेल्दी म्हणतात. कित्येक घरांत म्हातारी माणसं हा शब्द उच्चारतही नसत. १९९० साली काही नवाहो मुलं तिथे गेली, तर आपल्या लोकांची हकिकत तिथे धड सांगितलेलीच नाही. त्यांनी तसं पत्र लिहून तिथे ठेवलं. स्मारक उभं राहायला २००५ साल उजाडलं.

आल्बुकर्कीहून ते अडीच तासांवर आहे. आपण या मातीत घरं बांधली, मुलं वाढवली. मंडळाची पुढची सहल तिथे नेऊया, मुलांना घेऊन. येणाऱ्यांनी आजच माझ्याकडे नावं द्या.