पत्र्याला भोक नाही, मग पडवी गळते कुठून?

(पडवीत उभं राहून, भिंतीवरचा डाग दाखवत)

नमस्कार मंडळी! हा डाग बघा. मधे पिवळट, कडेला तपकिरी रेघ. मागे घराची चिऱ्याची भिंत आणि तिला टेकलेलं हे पडवीचं नालीदार पत्र्याचं छप्पर. दर पावसाळ्यात इथून पाणी उतरायचं. आम्ही मे संपता संपता गवंडी बोलवायचो, पत्रा भिंतीला मिळतो तिथे सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात गोलसर लेप, मारून घ्यायचो. पहिले पंधरा दिवस सगळं कोरडं. गणपती येईपर्यंत परत खाली बादली. चार वर्षं हेच चाललं.

पत्र्याला मात्र एकही भोक नव्हतं. गळत होता तो सांधा.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. लोखंडी पत्रा उन्हात वाढतो, सर आली की आक्रसतो. दहा फुटी पत्रा 40 अंशांनी तापला, तर साधारण दीड मिलीमीटर लांबतो. अॅल्युमिनियमचा असेल तर जवळजवळ तीन. भिंत तेवढी हलत नाही. मधलं सिमेंट ताणलं जात नाही, ते तडकतं. केसाएवढी चीर पुरते. दिव्याची वात तेल ओढते ना, तशी ती चीर पाणी आत ओढून घेते.

आणि पाणी किती? दहा बाय दहाच्या छपरावर 50 मिलीमीटर पाऊस म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर. रत्नागिरीत एका दिवसात याच्या दुप्पट पाऊस सहज होतो. शिवाय वरच्या भिंतीवरून ओघळणारं पाणी वेगळंच, आणि ते थेट सांध्यावर येतं.

(काटकोनात वाकवलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या हातात घेऊन)

यावरचा उपाय हा. पत्रेवाल्याकडे फ्लॅशिंग म्हणून मागा. कौलं कशी चढवतात आठवा. खालून वर, आणि वरच्या कौलाची कड खालच्यावर. पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत जातं, त्याला मागे शिरायला वाटच नाही. फ्लॅशिंगमध्ये तेच, फक्त भिंत आणि छपराच्या मधे.

ही पहिली पट्टी पत्र्यावर बसते. स्क्रू नालीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर घालून. तिची उभी बाजू भिंतीला टेकून सहा इंच वर जाते, पण भिंतीला ठोकायची नाही. ही दुसरी भिंतीची. कटरने भिंतीत इंचभर खोल खाच पाडायची, वरची कड आत घालायची आणि खाच पॉलियुरेथेन सीलंटने भरायची. ओलं सिमेंट नको, ते जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं. ही दुसरी पट्टी पहिलीवर निदान तीन इंच उतरते.

(दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सरकवून दाखवत)

बघा, ही हलली तरी ती हलत नाही, आणि फटही पडत नाही. चार वर्षांच्या सिमेंटला हेच जमत नव्हतं.

छप्पर संपतं पण भिंत पुढे जाते, त्या टोकाला पट्टीचा शेवट बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. नाहीतर सगळा लोट भिंतीतच मुरतो. दोन छपरं मिळतात त्या खोलगट जागेत कौलांखालून रुंद पत्रा लागतो, त्याचं काम वेगळं आहे, आज त्यात शिरत नाही.

एक मात्र आधी तपासा. वरची चिऱ्याची भिंत उघडी असेल तर चिराच पाणी पितो आणि पट्टीच्या मागून खाली सोडतो. अशा वेळी फ्लॅशिंगला दोष देऊ नका, आधी त्या भिंतीला प्लास्टर करा.

काम झालं की पावसाची वाट बघत बसू नका. एकाला आत टॉर्च घेऊन उभं करा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा. सुरुवात छपराच्या खालच्या कडेपासून, दहा-दहा मिनिटं थांबत वर सरका. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि गळती कुठली ते कळत नाही. आतला माणूस 'आलं!' म्हणेल तेव्हा पाइप जिथे असेल, तिथे खडूने खूण करा.