सर, ही पुस्तिका खरी आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

२०२५ च्या जूनमध्ये नीटचा निकाल लागला आणि चार-पाच दिवसांनी उदगीरकडचे एक शेतकरी गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचो. आता निवृत्त आहे, पण निकालानंतरचे दोन महिने घरी अशी माणसं येतच असतात. त्यांच्या पिशवीत स्पायरल बाइंडिंग केलेली एक पुस्तिका होती, मेडिकल प्रवेशाच्या मार्गदर्शनाची. अडीच हजार रुपयांना घेतलेली. ती माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं, "सर, ही पुस्तिका खरी आहे का?"

मुलगी गप्प बसली होती. तिला ५४० गुण होते, आणि पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं की ६०० च्या खाली असाल तर सरकारी एमबीबीएसची आशा सोडा. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती.

तेव्हा आधी या गुणांबद्दलच बोलू. पैसे घेऊन विकली जाणारी मार्गदर्शनं सगळ्यांत जास्त इथेच फसतात. नीटचा पेपर ७२० गुणांचा असतो, पण प्रवेश गुणांवर ठरत नाही, रँकवर ठरतो. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. सुधारित निकालानंतर ते १७ राहिले. त्या वर्षी ६०० च्या वर गुण असलेली मुलं देशात ऐंशी हजारांच्या आसपास होती. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते, आणि ६०० च्या वर जाणारे सगळ्या देशात मिळून दीड हजारही नव्हते. म्हणजे २०२४ चे ६०० आणि २०२५ चे ६०० यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. पुस्तिकेवाल्याने मात्र मागच्या तीन वर्षांच्या गुणांची सरासरी काढून ती कटऑफ म्हणून छापली होती. या मुलीची रँक आम्ही पाहिली. ती सरकारी महाविद्यालयाच्या आवाक्यातली होती.

मी पुढची पानं उलटली. कटऑफचे तक्ते विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन भागांत होते, आणि खाली सत्तर-तीसचा नियम समजावून सांगितला होता. श्रोतेहो, आपल्या विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा आणि बाकी राज्याला ३० टक्के, हा नियम सप्टेंबर २०२० मध्येच रद्द झाला. म्हणजे नियमांचा मजकूर पाच वर्षांपूर्वीचा, मुखपृष्ठ तेवढं नवं. आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या रकान्यातही तीच तीन वर्षांची सरासरी. २०२४ पासून मराठा समाजाच्या मुलांना एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा वेगळा प्रवर्ग आला. त्याआधी त्यातली पुष्कळ मुलं ईडब्ल्यूएसमधून अर्ज करायची. प्रवर्गातली मुलंच बदलली, तर जुन्या आकड्याशी नवा आकडा मिसळून काय हाती लागणार?

ही चूक मला फार लागते. ज्या घरात आजवर कोणी डॉक्टर झालेलं नाही, त्या घराला हे कळायला दुसरा मार्ग नसतो. छापलेलं आहे, पैसे मोजलेत, म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटतं.

खरी माहिती फुकट आहे. राज्याच्या ८५ टक्के जागांचं काम राज्य सरकारचा प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल पाहतो, आणि सरकारी महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं यांचं काम दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी पाहते. प्रवेशाच्या प्रत्येक फेरीनंतर कुठल्या रँकला, कुठल्या प्रवर्गातून, कुठलं महाविद्यालय मिळालं याची यादी संकेतस्थळावर लागते. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तीही जाहीर असते. म्हणून पुस्तिका हातात आली की तिच्यातलं एकच पान घ्या, आपल्या ओळखीच्या एखाद्या महाविद्यालयाचं, आणि त्या यादीशी ताडून बघा. रँक आणि फेरी दिलेली आहे का, वर्ष लिहिलंय का, आकडा जुळतो का. दहा मिनिटांचं काम आहे. जुळलं नाही, तर बाकीची पानं वाचण्यात वेळ घालवू नका.

पैसे घेणारा प्रत्येक जण लबाड असतो, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी संगणक नाही, कागदपत्रांची धावपळ करायला माणूस नाही, त्याने कोणाला मेहनताना देऊन मदत घेतली तर त्यात गैर काही नाही. मी पाहिलेली चांगली माणसं यादी समोर उघडून दाखवतात, आणि "यंदा काय होईल ते आत्ता सांगता येत नाही" असं तोंडावर सांगतात. शंभर टक्के सीटची हमी देणारा मात्र खोटंच बोलतो. व्यवस्थापन कोट्याची जागासुद्धा नीटच्या गुणवत्तेनुसार आणि प्रवेश प्रक्रियेतूनच भरायची असते. ती कोणाच्या खिशात नसते. आणि देणगी घेऊन प्रवेश देण्यावर तर आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

सल्ला देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा. तुमची कमाई आमच्या फीमधून होते, की महाविद्यालयाकडूनही काही येतं? परदेशातल्या एमबीबीएसच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय सहीच करू नका. "एनएमसीमान्य विद्यापीठांची यादी" दाखवून जॉर्जिया, किर्गिझस्तानचे प्रवेश विकले जातात. एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी महाविद्यालयांना मान्यता देणारी अशी यादी काढतच नाही. २०२१ च्या नियमांत अटी दिल्या आहेत: किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम. त्या अटींवर पारखायचं ते आपणच.

आता एका मुलाची गोष्ट सांगतो, ती मनातून जात नाही. माझाच विद्यार्थी. पहिल्या फेरीत त्याला घराजवळचं सरकारी महाविद्यालय मिळालं. घरात पेढे वाटले. त्याच्या वडिलांनी एका सल्लागाराला पॅकेजचे पैसे दिले होते आणि लॉगिन, पासवर्ड, सगळं त्याच्याकडेच होतं. मिळालेली जागाच कायम हवी असेल, तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून द्यावा लागतो. सल्लागाराने तो भरायला सांगितलंच नाही. पसंतीक्रमात त्याने वरच्या क्रमांकांवर दोन खासगी महाविद्यालयं घालून ठेवली होती, तीही मुलाला न विचारता. दुसऱ्या फेरीत बेटरमेंट झालं, म्हणजे पसंतीक्रमात वर असलेलं खासगी महाविद्यालय लागलं आणि सरकारी जागा आपोआप गेली. वडिलांनी जमीन गहाण ठेवून पहिल्या वर्षाची फी भरली. त्या सल्लागाराने नंतर फोन उचलला नाही.

म्हणून सांगतो, पुस्तिका घ्या, सल्ला घ्या, पण पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊ नका. पसंतीक्रमाचा प्रत्येक क्रमांक मुलाने स्वतः वाचायचा. ज्या महाविद्यालयात खरोखर जायचं नाही किंवा ज्याची फी झेपणार नाही, ते यादीत घालायचंच नाही.

त्या मुलीकडे परत येतो. जुलैच्या शेवटी ती आणि तिचे वडील पसंतीक्रम भरायला पुन्हा आले. पुस्तिकेत लिहिलं होतं की जिथे लागण्याची शक्यता जास्त, ते महाविद्यालय सगळ्यांत वर टाका, नाहीतर संधी वाया जाते. वडील त्यावर अडून बसले. मी कागदावर काढून दाखवलं. संगणक रँकप्रमाणे एकेका मुलाकडे येतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत जातो. पहिलं मिळत नसेल तर दुसरं, तेही नसेल तर तिसरं. न मिळणारं महाविद्यालय वर असल्याने खालच्याचा हक्क जात नाही. त्यामुळे यादी आपल्या आवडीच्या क्रमानेच लावायची.

"म्हणजे वर टाकलं तर नुकसान नाही?" वडिलांनी दोनदा विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मुलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिच्या रँकला मुंबईचं केईएम लागणार नाही हे तिला माहीत होतं. तरी पहिल्या क्रमांकावर तिने तेच टाकलं, आणि मग नांदेड, लातूर, अंबाजोगाई असं एकेक नाव मोठ्याने वाचत ती खाली उतरत गेली.